सर्वांना आवडलेला झगा

तिसऱ्या गाण्याचं दुसरं कडवं सुरू झालं आणि झग्याची डावी बाही आपोआप खाली उतरायला लागली.

वरलक्ष्मी येमूल, म्हणजे सगळ्यांची वरू, विंगेत उभी होती. झगा तिनं शिवलेला होता आणि त्याला डावी बाही नव्हतीच. नसलेली बाही खाली उतरताना पाहण्याचं भाग्य फार थोड्या शिवणाऱ्यांच्या वाट्याला येतं. खांद्याच्या शिवणीत दुमडलेलं कापड उलगडत उलगडत कोपरापर्यंत आलं आणि तिथं सभ्यपणे थांबलं.

मग उजव्या खांद्यावरची कॉलर. ही कॉलर वरूनं कोंबड्याच्या तुऱ्यासारखी ताठ उभी केली होती. तिच्यासाठी दोन दिवस ती कुणाशी धड बोलली नव्हती. त्या कॉलरनं मान टाकली आणि ती निजली. कमरेवरचा मिरचीसारखा लाल तिरका पट्टा आधी विटकरी झाला, मग फिकटला, मग सरळ झाला. पाचवं गाणं संपलं तेव्हा मंचावर अश्लेषा गुंड कोपरापर्यंत बाह्या असलेल्या, गळा धड खोल नाही धड बंद नाही अशा, पाठीवर एक छोटा गोंडा लोंबणाऱ्या बदामी कुर्त्यात उभी होती. असा कुर्ता लग्नात नवऱ्या मुलाची मावशी घालते आणि फोटोत ती कुठली हे नंतर कुणालाच आठवत नाही.

नागपूरचं ते भलंमोठं मैदान टाळ्यांनी दणाणलं. मागच्या पडद्यावर हातभर उंचीची अक्षरं उमटली : ‘रचना : आगाऊ, सोलापूर’.

आगाऊ हे वरूच्या लेबलचं नाव. झणझणीत रस्सा करून पाठवावा, वाटेत त्याची लापशी व्हावी आणि पातेल्यावर नाव मात्र आपलंच राहावं, तसं हे झालं. वरूच्या कानशिलाची शीर उडायला लागली.

या कापडाचं नाव ‘कौल’. दोन वर्षांपूर्वी, म्हणजे २०३७ च्या सुमारास, ते मंचावर आलं. त्याचा धागा आतून पोकळ असतो. केसाहून बारीक अशा त्या नळीत तेलासारखा द्रव आणि त्यात तरंगणारे रंगांचे कण. प्रत्येक रंगाच्या कणांवर विजेचा वेगळा भार. धाग्याला जरासा विद्युतदाब दिला की हवा तो रंग वर येतो आणि नको तो तळाशी बसतो. वाचनयंत्राच्या पडद्यावर शाई उमटते, तीच युक्ती. आकाराचं काम शिवणीतल्या तारा करतात. निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूला आपला जुना आकार आठवतो. थोडी ऊब दिली की तार आखडते आणि ओळखीच्या वळणावर जाते. म्हणून कौल विणणाऱ्या कंपनीचा नियम असा, की प्रत्येक शिवणीत वीतभर कापड दुमडून ठेवायचं. वरूला वाटलं होतं, ते तारांसाठी असेल.

इथवर सगळं छानच होतं. गोम पुढे होती. कार्यक्रमाचं तिकीट म्हणजे मनगटावरचा पट्टा. तो पट्टा नाडी मोजतो आणि कातडीवरचा घाम मोजतो. हजारो मनगटांचे आकडे मंचामागच्या यंत्रात जातात. यंत्र कपड्यात एक बारीकसा बदल करतं आणि थांबतं. नाड्या उचलल्या तर तो बदल ठेवायचा, बसल्या तर मागे घ्यायचा, मग पुढचा बदल. आंधळा माणूस पायानं चाचपडत टेकडी चढतो तसं. चढ लागला की पुढे, उतार लागला की मागे. आंधळा शेवटी कुठल्या तरी टेकाडावर पोचतोच. ते टेकाड महाराष्ट्रात नेहमी एकच निघायचं, आणि त्याचा रंग बदामी होता.

“पण तुम्ही नाराज का आहात?” मिहीर दातारनं विचारलं. कंपनीत त्याचा हुद्दा ‘रसिक-संबंध प्रमुख’ असा होता. मेकअपच्या खोलीत तो हातातला पडदा वरूपुढे धरून उभा होता. “आलेख बघा ना. पहिल्या गाण्याला इथे, शेवटच्या गाण्याला इथे! लोकांना तुमचं काम प्रचंड आवडलं.”

“माझं काम दुसऱ्या गाण्यालाच संपलं हो.”

“तसं नाही. तुमच्या रचनेला रसिकांनी पूर्णत्व दिलं.”

“बाकीच्या गायकांचे कपडे पाचव्या गाण्याला कुठल्या रंगाचे होतात?”

दातारनं प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. “बदामी. पण छटा वेगवेगळ्या असतात.”

वरू अश्लेषाकडे वळली. अश्लेषा आरशासमोर कानातले काढत होती आणि आपल्याशीच हसत होती.

“तू म्हणालीस रंग थोडा हलतोय फक्त. थोडा म्हणालीस तू!”

“वरू, एकानंबी हूट केलं नाही गं,” अश्लेषा म्हणाली. “एकानं सुद्धा नाही.”

आता या दोघींचं नातं सांगायला हवं. दोघी सोलापूरच्या, एका शाळेच्या, आणि दोघींच्या अंगावरचा शाळेचा गणवेश वरूच्या वडिलांच्या कारखान्यात शिवलेला. सोलापूर गणवेश शिवणारं गाव आहे. दूरदूरच्या शाळांतली पोरं सकाळी जे घालतात ते पुष्कळदा सोलापूरच्या पूर्व भागात कापलेलं असतं. कापडाचे थरावर थर रचतात, वरून कटिंग मशीन फिरवतात, आणि एका फेरीत एका शाळेची एक इयत्ता कापून निघते. वरूनं लहानपणापासून हे पाहिलं आणि थर हा शब्दच तिच्या डोक्यात गेला. ती कापड एकेरी अंथरून कात्रीनं कापते. एक झगा, एक माणूस. तोच झगा दुसऱ्यांदा ती स्वतःलासुद्धा शिवून देत नाही.

कॉलेजच्या गॅदरिंगला तिनं अश्लेषाला गणवेशांच्या कातरणाचा झगा शिवला. अनेक शाळा एका अंगावर भांडत होत्या. तो घालून अश्लेषानं स्वतःचं ‘त्रेचाळीस डिग्री’ हे गाणं म्हटलं. सोलापूरच्या उन्हाला अस्सल सोलापुरी भाषेत दम भरणारं ते गाणं होतं. प्राचार्यांनी दोघींच्या पालकांना बोलावलं. तोवर गाणं निम्म्या महाराष्ट्रात पोचलं होतं. आडनावच गुंड असल्यामुळे अश्लेषाला मंचासाठी वेगळं नाव शोधावं लागलं नाही. त्यानंतर गुंड गायची आणि आगाऊ शिवायची. निम्मे लोक डोक्यावर घ्यायचे, निम्मे शिव्या घालायचे. दोन्हीकडचे तिकीट काढून यायचे, तेव्हा तक्रार नव्हती.

मग कोल्हापूरचा कार्यक्रम झाला. त्या रात्री शिव्या घालणारे जरा जास्तच आले होते. एक चप्पल अश्लेषाच्या गालाला लागली. गालावरचा वण गेला, पण त्यानंतर मंचावर जाताना तिचे हात गार पडायचे. कौल न घालणारी ती शेवटची गायिका उरली होती. तिनं करारावर सही केली.

नागपूरहून परतताना गाडीत वरू म्हणाली, “माझं नाव काढा म्हणावं पडद्यावरनं.”

“करारात आहे ते.”

“करार तुझा हाय. नाव माझं हाय.”

“तुझ्या नावाला टाळ्या पडल्या की. कशाला एवढी चिडायलीस?”

“जे मी शिवलंच नाही त्याला पडल्या म्हणून चिडायलेय! चोरी केली असती तर एवढा राग नसता आला. हे लोक माझं घेत नाहीत गं, त्यांचं माझ्या नावावर खपवतेत.”

अश्लेषानं खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाली, “तुला कधी चप्पल लागली नाही.”

हे खरं होतं, त्यामुळे वरूचा राग आणखी वाढला.

पुढे वर्षभर हेच चाललं. वरू शिवायची, कारण अश्लेषाच्या करारात ती बांधली गेली होती. ती हट्टानं अधिकाधिक आगाऊ शिवायची. एकदा पाठीला शिंगं लावली. ती दोन गाण्यांत गोंडा झाली. एकदा तिनं मुद्दाम पहिल्यापासूनच बदामी कुर्ता शिवून पाठवला. यंत्रानं काही म्हणता काही बदललं नाही, आणि दातारनं फुलं पाठवली. ‘तुम्हाला रसिक कळले’ असं त्या गुच्छावर लिहिलं होतं. वरूनं तो गुच्छ शेजारच्या शेळीला घातला. शेळीनंही सगळा खाल्ला नाही.

तोवर कौल मंचावरून रस्त्यावर उतरला होता. कुर्ते, साड्या, जाकिटं. रस्त्यात भेटणाऱ्याच्या मनगटाला विचारून आपला रंग ठरवणारे कपडे. शाळांनी जाहीर केलं की गणवेश ही गुलामगिरी आहे, मुलांनी कौल कापडाचे आपापल्या आवडीचे कपडे घालावेत. पंधरवड्यात सगळी शाळा बदामी झाली.

वरूचे वडील व्यंकटराजम येमूल, ज्यांना सगळे नाना म्हणत, त्यांचं निम्मं काम या क्रांतीत गेलं. ते मशीन पुसत म्हणाले, “ऐक अम्मा, आम्हाला लोक सगळ्यांना एकसारखं करतो म्हणून नावं ठेवत होते. आम्ही निदान वरचा रंग वेगळा, खालचा वेगळा ठेवत होतो की.” तेलुगू घरात बाप मुलीला लाडानं अम्मा म्हणतो. वरूला त्या दिवशी लाड नको होते. ती पाय आपटत माडीवर गेली.

भर उन्हाळ्यात एका दुपारी अश्लेषा न कळवता कारखान्यात आली. डोक्यावर ओढणी, तोंड लालबुंद. जिना चढून आली ती वरूच्या कटिंगच्या टेबलावर फोन आदळून उभी राहिली.

“ऐक.”

फोनमधून संथ बासरी वाजली. मग पाण्याचा आवाज. मग अश्लेषाचाच आवाज, पण अंगाई गाणाऱ्या बाईसारखा. बऱ्याच वेळानं शब्द कळले.

“हे... ‘त्रेचाळीस डिग्री’ हाय?” वरूनं विचारलं.

“पुढल्या हंगामात सूरबी कौलाला जोडणार म्हणे. कानातल्या यंत्रातनं मला सांगत राहणार, कुठं खाली यायचं, कुठं थांबायचं. हा नमुना पाठवलाय. चाळीस हजार लोकांना ऐकवून बघितलं, एकालाबी खटकलं नाही म्हणे!” तिचा आवाज चिरकला. “वरू, माझं गाणं बदामी केलं गं त्यांनी!”

वरूनं कात्री खाली ठेवली. मैत्रिणीला जवळ घ्यावं, असा हा क्षण होता. पण वरू वर्षभर तापलेली होती.

“कळलं आता?”

“टोमणे मारायला बसू नकोस.”

“मारणार. माझ्या बाह्या उतरत होत्या तेव्हा तू कानातले काढत हसायलीस. माझी कॉलर पडली तेव्हा तुला गार वाटलं. आता तुझ्या सुराला हात लागला तर उन्हातान्हात पळत आलीस?”

“हो, आले! घाबरले होते मी. घाबरणं गुन्हा हाय का? तू विंगेत असतीस, अंधारात. समोर मी असते.” ती टेबलाच्या कडेला टेकली. “पुण्याच्या कार्यक्रमाला कौल घालणार नाही मी. मुकं कापड शिव. जे कुणाचं ऐकत नाही असं.”

“हूट करतील.”

“माहीत हाय.”

“चप्पल मारतील.”

“तू शिवणार का नाही ते बोल!”

वरूनं शिवलं. मांडववाल्याकडून जुनी कनात आणली, लाल-पिवळ्या पट्ट्यांची, पावसापाण्यानं आणि वरातींच्या धुरानं मुरलेली. ते कापड एवढं जाड, की साधी सुई मोडायची. त्याचा तिनं एक झगा उभारला. शिवला म्हणण्यापेक्षा उभारला हेच खरं. उजवा खांदा डोक्याच्या वर चढलेला, डावी बाजू गुडघ्याच्या वर कापलेली, मागे जमिनीवर घासणारा घोळ. त्यात उभ्या असलेल्या बाईला खाली वाकता आलं नसतं, आणि वरूला तेच हवं होतं.

अडचण एकच होती. कौलाच्या कपड्याला कॉलरच्या आत नाण्याएवढा बिल्ला असतो. यंत्र त्या बिल्ल्यामार्फत कपड्याशी बोलतं. बिल्ल्याशिवाय गायकाला मंचावर सोडत नाहीत. वरूनं जुन्या कपड्याचा बिल्ला उसवून कनातीच्या कॉलरमध्ये टाचला. गणवेशवाल्यांच्या घरातलं हे पिढीजात शहाणपण. खिशावर बिल्ला असला की गेटवरचा माणूस बाकी पोरगं बघत नाही. यंत्र आज्ञा देत बसेल, कनात ऐकणार नाही. आपल्या युक्तीवर ती एवढी खूश झाली, की नानांना खाली जाऊन सांगून आली. नानाही खूश झाले. चूक झाली ती इथे, आणि ती दुसऱ्या कुठल्या घरात झाली नसती.

पुण्याबाहेरच्या मैदानावर संध्याकाळी अश्लेषा मंचावर आली तेव्हा लोक आधी हसले. तीन वर्षांत त्यांना सवय झाली होती. सुरुवातीला काहीतरी विचित्र असतं, मग ते आपोआप नीट होतं. पहिलं गाणं संपलं. दुसरं संपलं. लोक शांतपणे वाट पाहत होते, सिग्नल हिरवा व्हायची पाहतात तशी. कनात जागची हलली नाही.

तिसऱ्या गाण्याला पुढच्या रांगेतून एक बाई ओरडली, “अहो, बदला की तो!”

मग मागून आवाज आले. “बंद पडलंय वाटतं!” “पैसे परत द्या!” मग शिट्ट्या, मग हूटिंग. तीन वर्षांत ज्यांना काहीही न आवडण्याची संधी मिळाली नव्हती असे हजारो लोक एकदम उठून उभे राहिले. कागदी पेले उडाले. मैदानभर एकच घोष सुरू झाला, “उतरव! उतरव!”

विंगेतून वरूला अश्लेषा दिसत होती. तिनं माइक दोन्ही हातांनी धरला होता. वाद्यवाले थांबले. अश्लेषानं विंगेकडे पाहिलं. मंच सोडून आत यायला तिला आठ पावलं पुरली असती. वरूनं तिला ‘ये’ म्हणून खूण केली. खोटं कशाला सांगा, त्या क्षणी वरूला झगाबिगा काही नको होता, तिला आपली मैत्रीण आत हवी होती.

अश्लेषानं मान फिरवली आणि वाद्यांशिवाय ‘त्रेचाळीस डिग्री’ सुरू केलं. जुन्या चालीत, जुन्या शिवराळ शब्दांत, फाटलेल्या आवाजात. काही लोक निघून गेले. काहींनी आवाज आणखी चढवला. मग त्या आवाज चढवणाऱ्यांवर कुणीतरी ओरडलं, “ए, ऐकू दे की!” दोन गटांत जुंपली. एक आजोबा खुर्चीवर उभे राहून भांडत होते, कुणाच्या बाजूनं ते कळत नव्हतं, पण तोंडावर तेज होतं. गाणं शेवटपर्यंत झालं. कनात शेवटपर्यंत जशीच्या तशी होती. उजवा खांदा वर, डावी बाजू कापलेली.

वरूनं विंगेत एक अस्सल सोलापुरी शिवी हासडली आणि डोळे पुसले. वर्षभरात पहिल्यांदा पडद्यावरचं नाव आणि मंचावरचं कापड एकाच माणसाचं होतं.

तेवढ्यात दातार धावत आला. वरूनं भांडणाच्या तयारीनं बाह्या सावरल्या. दातारचा चेहरा मात्र लग्न ठरल्यासारखा फुलला होता.

“अभिनंदन! असा आकडा आजवर कुणाचाच नव्हता! यंत्रानं या रचनेला सर्वोच्च दर्जा दिलाय. सर्वोच्च!”

“अहो, लोक शिव्या द्यायलेत बाहेर.”

“ते मला माहीत नाही,” दातार म्हणाला. “नाड्या बघा.”

त्याचं उत्तर शास्त्राला धरून होतं. प्रेमात पडलेल्या माणसाची नाडी वाढते आणि संतापलेल्याचीही वाढते. तळहाताला घाम दोघांच्याही येतो. पट्ट्याला ‘किती’ एवढं कळतं, ‘कशानं’ ते कळत नाही. दोन्हींतला फरक यंत्राला शिकवता आला असता, पण त्यासाठी संतापलेली माणसं समोर बसवावी लागली असती. यंत्र शिकलं ते खूश लोकांवर. आणि नंतरची तीन वर्षं त्यानं लोकांना खुपणारी प्रत्येक गोष्ट इतक्या तत्परतेनं काढून टाकली, की संताप कसा दिसतो हे पाहायची वेळच त्याच्यावर आली नाही. पुण्याच्या मैदानावर त्याला अफाट नाड्या दिसल्या. कॅमेऱ्यांत झगा दिसला, आणि बिल्ल्यानं ग्वाही दिली की हा कपडा आपलाच. आंधळ्याला तीन वर्षांत पहिल्यांदा हिमालय लागला होता.

सगळ्यांत वरचा आकडा मिळवलेला नमुना यंत्र रस्त्यावरच्या कौल कपड्यांनाही धाडत असे, त्यामुळे पुढचं व्हायला दोन आठवडेही लागले नाहीत.

वरूला ते कळलं पूर्व भागातल्या एका लग्नात. ती कार्यालयात शिरली आणि दारातच थबकली. नवरीचा उजवा खांदा डोक्याच्या वर होता. करवल्यांचाही. नवऱ्याच्या मावशीची डावी बाजू कापलेली होती आणि मावशीबाई ती सारखी खाली ओढत होत्या. नगरसेवकांचं जाकीट लाल-पिवळ्या पट्ट्यांचं झालं होतं. अक्षता टाकायला उठलेल्या पाहुण्यांची रांग पाहून वाटत होतं, की एक भलामोठा मांडव सुट्टा होऊन जेवायला निघाला आहे. कुणी तक्रार करत नव्हतं. यंत्राच्या म्हणण्याप्रमाणे सर्वांना हे सर्वांत जास्त आवडत होतं. ज्याला आवडलं नव्हतं त्यानं शेजारच्याकडे बघितलं होतं आणि आपल्यालाच काही कळत नसेल अशी समजूत करून घेतली होती.

“अम्मा,” नाना भारावून म्हणाले, “आख्ख्या महाराष्ट्रानं तुझं घातलंय बघ! आमच्या कारखान्याला जन्मात जमलं नाही.”

वरू जेवली नाही. घरी आली, माडीवर गेली आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अश्लेषा आली. अंगात साधा सुती सलवार-कमीज, दुकानातून मीटरवर घेतलेल्या मुक्या कापडाचा. वरू जमिनीवर बसली होती. समोर कनातीचा तो झगा पसरलेला, आणि हातात कात्री.

“दातारचा फोन आला होता,” अश्लेषा म्हणाली. “पुरस्कार देणार म्हणे तुला. वर्षातली सगळ्यात आवडती रचना.”

“कापून टाकते हा. चिंध्या करते.”

“कर.”

“एक माणूस नाही गं!” वरू एकदम ओरडली. “त्या मैदानावर एवढे लोक बोंबलत होते, त्यातला एकबी माणूस आता भेटंना जो तोंडावर म्हणेल की बाई, हे घाण हाय. सगळे घालून बसलेत! दोन आठवड्यांपूर्वी ज्यांनी पेले मारले तेच! मी कुणाशी भांडू? बदामीशी भांडत होते तोवर बरं होतं. आता माझ्याच झग्याशी भांडू?”

अश्लेषा झग्याजवळ जाऊन उकिडवी बसली. उजव्या खांद्याची घडी तिनं बोटानं दाबून पाहिली.

“खरं सांगू?”

“काय?”

“मला आवडला नव्हता.”

वरूनं वर बघितलं.

“काखेत टोचत होता. श्वास घेता येत नव्हता, वरची पट्टी लागंना. आणि ती डावी बाजू... कापायची म्हणून कापल्यासारखी वाटती. तू रागात होतीस आणि राग सगळा त्या बाजूवर काढलास. झगा म्हणून तो वाईट हाय, वरू.”

माडीवर पत्र्याखाली सगळं तापलेलं होतं. खाली नानांचं मशीन चालू होतं. वरूचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग कानापर्यंत लाल झाला.

“मग घातलास कशाला?”

“तू शिवला होतास म्हणून.”

“तेव्हा का नाही बोललीस?”

“तेव्हा बोलले असते तर शिवलाच नसतास. आणि आपण दोघींनी वर्षभरात एकमेकींना काही विचारलंच नव्हतं. मी आकडा बघत होते, तू रुसत होतीस.”

“वाईट हाय म्हणे! तुला काय कळतंय शिवणातलं? साधं बटण लावता येत नाही तुला!”

“घालणारी मी हाय की. टोचतंय कुठं ते मलाच कळणार.”

“कॉलेजचा झगा तरी आवडला होता का?”

“तो लई भारी होता. म्हणूनच सांगायलेय.”

“शिंगांचा?”

“शिंगं येड्यासारखी होती.”

“येड्यासारखी?” वरू उठून उभी राहिली. वर्षभर चढलेला पारा आता कुठे धड एका माणसावर उतरत होता, आणि ते माणूस समोर बसून डोळ्याला डोळा देत होतं. ती तोंडाला येईल ते बोलली. अश्लेषाही बोलली. खाली नानांनी मशीन थांबवून वर कान लावला, क्षणभर ऐकलं आणि मशीन पुन्हा चालू केलं. दोघींचा दम संपला तेव्हा कनातीचा झगा मध्ये पडलेला होता आणि दोघी त्याच्या दोन कडांना घामाघूम होऊन बसल्या होत्या.

वरूनं नाक ओढलं. टेबलाखालून कापडाचा एक कोरा तुकडा खेचला, जमिनीवर एकेरी अंथरला आणि खडू उचलला. अश्लेषाकडे न बघता, अजून धुसफुसतच, ती म्हणाली,

“टोचतंय म्हणजे नेमकं कुठं? हात वर कर. नीट सांग.”